कोकणातली कातळशिल्पं पाहायला नाशिकहून जाताना: बेत उन्हाच्या हिशेबाने आखा

नाशिकहून रत्नागिरीपर्यंत गाडी हाकत जाऊन कातळशिल्पं पाहून आलेले बरेच जण परतल्यावर एकच सांगतात, "काही दिसलंच नाही, नुसता काळा कातळ होता." ते खोटं बोलत नसतात. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळमाळावर, कोरलेल्या या रेषा फार खोल नाहीत, आणि दगडाचा रंग रेषेत आणि रेषेबाहेर जवळपास सारखाच असतो. म्हणजे चित्र दिसतं ते खाचेत पडणाऱ्या सावलीमुळे. दुपारी बाराला ऊन डोक्यावर आलं की सावली नाहीशी होते आणि तिच्यासोबत अठरा मीटरचा हत्तीसुद्धा.

म्हणून या सहलीचा बेत हॉटेल, बीच, जेवण यांच्यापासून सुरू करायचा नाही. सकाळचा पहिला दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास आधी धरायचा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने लिहिले आहेत.

टप्पा १ : महिना ठरवा

डिसेंबर ते फेब्रुवारी. याबाहेर जायचं असेल तर गावात फोन करून सड्याची अवस्था विचारल्याशिवाय निघू नका.

पावसाळ्यात सड्यावर पाणी साचतं, शेवाळ धरतं, पाय घसरतो आणि खाचा पाण्याखाली जातात. सर्वांत जास्त फसगत होते ती दिवाळीच्या सुट्टीत. पाऊस संपलेला असतो, रस्ते कोरडे असतात, म्हणून आपण निघतो. पण सड्यावरचं गवत तेव्हा अजून उभं असतं आणि अनेक ठिकाणी चित्रं त्याच्याखाली झाकलेली असतात. मार्चनंतर गवताचा प्रश्न उरत नाही, पण सकाळी नऊलाच कातळ तापायला लागतो, आणि सड्यावर सावलीला झाड मिळेलच असं नाही.

टप्पा २ : ठिकाणं निवडा, आणि कमी निवडा

कोकणातल्या कातळशिल्पांचा प्रस्ताव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेला. त्यात नऊ ठिकाणं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली सात: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ ही उरलेली दोन. याखेरीज लहानमोठी ठिकाणं पुष्कळ आहेत, पण पहिल्या फेरीला या सातांतूनच निवड करावी.

नकाशावर ही ठिकाणं जवळजवळ दिसतात आणि लोक एका दिवसात पाच ठिकाणं लावतात. हिशेब साधा आहे: चांगलं ऊन दिवसातून दोनदाच मिळतं, तेव्हा एका दिवसात ठिकाणंही दोनच. तिसरं ठिकाण घेतलंत तर ते दुपारच्या उन्हात जाणार.

गट असे पाडा:

रत्नागिरीच्या आसपास उक्षी आणि जांभरूण. उक्षीला मोठा हत्ती आहे. रेषा ठळक आहे आणि चित्रही एकच, त्यामुळे नजर तयार व्हायला हे सर्वांत चांगलं. सुरुवात इथूनच करा. जांभरूणला माणसं, प्राणी, पक्षी, जलचर अशा कितीतरी आकृती आहेत. नवख्या नजरेने तिथे आधी गेलात तर अर्ध्या आकृती डोळ्यांदेखत निसटतील.

राजापूर तालुक्यात कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. यांतलं कशेळी चुकवू नका. तिथला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या, जलचरांच्या आकृती कोरलेल्या आहेत. बारसूला मधोमध माणूस आणि दोन्ही अंगांना वाघ दिसतात. देवीहसोळला आर्यादुर्गा देवीच्या मंदिराच्या परिसरात नक्षीने भरलेला मोठा चौकोन आहे. ती गावाच्या श्रद्धेची जागा आहे, तेव्हा चपला-बूट कुठे काढायचे ते आधी गावकऱ्यांना विचारा.

कुडोपी मालवण तालुक्यात आहे. त्याला वेगळा मुक्काम हवा. याच सहलीत ते कोंबू नका.

*तपासा: यादीत पाचपेक्षा जास्त ठिकाणं आहेत का? असतील तर एक मुक्काम वाढवा, नाहीतर ठिकाण गाळा.*

टप्पा ३ : गावाशी बोलून घ्या

हा टप्पा लोक सरळ वगळतात आणि मग सड्यावर तासभर भटकत राहतात. पांडवलेण्याला असतात तशा पायऱ्या, कुंपण आणि तिकीटखिडकी इथे असेल असं समजून जाऊ नका. बऱ्याच जागा खासगी मालकीच्या जमिनीत आहेत. वाट कोणाच्या तरी काजूच्या बागेतून, कोणाच्या तरी गडग्याला (दगड रचून केलेल्या कुंपणाला) वळसा घालून जाते. नकाशावरची खूण कधी सड्याच्या भलत्याच टोकाला असते.

निघण्याच्या आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत किंवा जिथे उतरणार त्या घरी फोन करा आणि चार गोष्टी विचारा: गवत कापलंय का, गाडी कुठपर्यंत येते, सकाळी सहा-साडेसहाला सोबत कोण येईल, त्यांना काय द्यायचं. शेवटचा प्रश्न मोकळेपणाने विचारावा. माणूस आपली सकाळची कामं सोडून येणार असतो. आपण गेल्यावर "तुम्हाला वाटेल ते द्या" अशा संकोचात पडण्यापेक्षा आधी ठरलेलं दोघांनाही बरं.

गावात पोचल्यावर वाट विचारताना "कातळशिल्प" म्हटलं तर आता बहुतेकांना कळतं. एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना नाही कळलं तर "सड्यावरची कोरलेली चित्रं" म्हणा.

फेब्रुवारीपासून आंब्याच्या बागांत राखण सुरू होते. ओळखीच्या माणसाशिवाय कलमांतून आडवाट काढू नका.

टप्पा ४ : गाडी आणि सामान

गाडीची हवा, स्टेपनी, ब्रेक, पीयूसी, फास्टॅगमधली शिल्लक हे नेहमीचंच. इंधन रत्नागिरीत भरून घ्या. गाडी सीएनजीवर असली तरी पेट्रोल पुरेसं ठेवा, कारण राजापूरकडच्या आतल्या रस्त्यांवर सीएनजीच्या भरवशावर राहता येणार नाही.

सामानात या गोष्टी हव्यातच:

- घोटा झाकणारे बूट आणि लांब पँट. सॅंडल नको.
- माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि एक मोठी काळी छत्री. छत्रीचं काम पुढे येईल.
- एक चांगला टॉर्च. मोबाइलचा चालणार नाही.
- ऑफलाइन उतरवून ठेवलेला नकाशा. सड्यावर रेंज जाते.
- वही आणि पेन्सिल.

वही कशाला, असं वाटेल. पण आकृती हाताने काढायला बसल्याशिवाय तिचा पाय कुठे संपतो आणि पोट कुठे सुरू होतं हे कळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी वही द्या, मोबाइल नंतर. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर आकृती ओळखतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

खडू, चुना, रांगोळी, पाण्याचा फवारा यांतलं काहीही घेऊ नका. कारण टप्पा ७ मध्ये आहे.

टप्पा ५ : नाशिक ते रत्नागिरी

अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर. थांबे धरून दहा-अकरा तास. पहाटे पाचच्या आत मुंबई नाका सोडा.

पहिला निर्णय भिवंडीचा. मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा उतरून भिवंडी, कल्याण-शीळ, पनवेल असं गेलात तर सकाळच्या अवजड वाहतुकीत अडकण्याची शक्यता मोठी. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून इगतपुरीच्या पुढे आमणेपर्यंत खुला झाला आहे. त्याने कसारा घाट टळतो, पण पुढे पनवेल गाठायला भिवंडी-कल्याणची गर्दी आहेच. दुसरा मार्ग शहापूरहून मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली करत वाकण फाट्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. रस्ता लहान आहे, पण पनवेलपर्यंतचं सगळं शहरी जंजाळ टळतं. सुट्टीच्या दिवशी निघत असाल तर माझा कौल या दुसऱ्या मार्गाला.

पुढे माणगाव सुट्टीच्या दिवशी तुंबतं, तेव्हा ते सकाळी लवकर पार करा. पोलादपूर-खेड दरम्यान कशेडी घाटाला आता बोगद्याचा पर्याय आहे. चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट, मग संगमेश्वर, निवळी, हातखंबा. रत्नागिरीला जायला महामार्ग हातखंब्याला सोडायचा. या महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलेलं आहे. वळवलेले रस्ते आणि अचानक संपणारी लेन अंधारात घात करतात, त्यामुळे रात्रभर गाडी चालवून पहाटे सड्यावर पोचायचा बेत करू नका.

*इशारा: पहिल्या दिवशी एकही कातळशिल्प ठेवू नका. चारला पोचू म्हणता म्हणता सहा वाजतात, आणि घाईघाईत संधिप्रकाशात सड्यावर शिरणं धोक्याचं आहे. सड्यांवर चिरेखाणी, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढण्याच्या खाणी, असतात. चिरे काढून झाल्यावर उरलेले ते सरळ कडांचे खोल खड्डे अंधुक उजेडात चटकन दिसत नाहीत.*

टप्पा ६ : दिवसांची मांडणी

दुसरा दिवस: पहाटे सहाला रत्नागिरीहून निघून उक्षी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी सड्यावर असायचं. नऊपर्यंत पाहणं संपवा. दुपारी जेवण, विश्रांती. साडेतीनला जांभरूणकडे. सूर्य सहानंतर मावळतो, पण परतीची वाट उजेडातच संपवायची असल्याने साडेपाच-पावणेसहाला वही मिटा. रात्री मुक्काम पावसला हलवा.

तिसरा दिवस: सकाळी कशेळी. दुपार कनकादित्याच्या मंदिरात आणि आडिवऱ्याच्या महाकालीकडे जाईल. जेवण सकाळीच फोन करून सांगून ठेवा, कारण आतल्या गावांत ऐनवेळी पान वाढून मिळत नाही. संध्याकाळी देवीहसोळ किंवा रुंढे तळी, दोन्ही नाही. मुक्काम आडिवरे किंवा राजापूर.

चौथा दिवस: सकाळी बारसू किंवा देवाचे गोठणे. गोठण्याला गावातून सडा चढून जावं लागतं, त्यामुळे गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर बारसू घ्या. गोठण्याच्या आकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, तेव्हा मोबाइलच्या दिशादर्शकावर विसंबून परतीची वाट धरू नका. ज्या वाटेने वर आलात तिच्या खुणा लक्षात ठेवा.

टप्पा ७ : सड्यावर

गाडी रस्त्याच्या कडेलाच. सडा सपाट दिसतो म्हणून लोक गाडी आत घालतात, आणि मातीच्या पातळ थराखाली काय कोरलेलं आहे हे चाकाला कळत नाही. अजून न सापडलेली, अर्धवट गाडलेली चित्रं सगळीकडे असू शकतात.

चालताना जोरात पाय आपटत चला आणि दगड उलटू नका. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसं हा लहान पण अतिविषारी साप भरपूर आहे, आणि दगडाखाली, गवताच्या बुंध्याशी बसतो. चावलाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं यांत वेळ घालवू नका. त्या माणसाला चालू देऊ नका, अवयव स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात पोचवा.

आता पाहायचं कसं. हा या लेखाचा गाभा आहे, सावकाश वाचा.

आकृतीपाशी पोचल्याबरोबर तिच्या मधे जाऊ नका. आठ-दहा पावलं लांब थांबा आणि बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. फिरताना एका जागी चित्र एकदम उमटतं. ती जागा बहुतेक वेळा सूर्य तुमच्या समोर किंवा तिरपा बाजूला असताना सापडते. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिलात तर खाचेची उजळलेली भिंत तुमच्याकडे तोंड करून असते, अंधारातली भिंत लपते, आणि वर तुमची स्वतःची सावली चित्रावर पडते. फोटो काढताना सूर्य पाठीशी घ्यायची आपली सवय इथे उलटी पडते.

खाली बसा. उभ्या नजरेला न दिसणारी रेषा उकिडवं बसल्यावर दिसते.

आणखी एक गोष्ट सोबत येणाऱ्यांनाही पटवून सांगावी लागते. ज्या दिशेने ऊन येतं त्याच दिशेने धावणाऱ्या रेषेत सावली पडत नाही. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो आणि नैऋत्येकडे मावळतो, त्यामुळे सकाळी पुसट वाटलेली रेषा संध्याकाळी ठळक होते आणि सकाळची ठळक रेषा विरते. हत्तीची सोंड दिसते पण पाठ दिसत नाही, असं झालं तर चित्र झिजलं आहे असं लगेच ठरवू नका. एखादं ठिकाण मनात भरलं तर दुसरं ठिकाण गाळून तिथेच संध्याकाळी परत या. मी तरी चार ठिकाणं एकेकदा पाहण्यापेक्षा दोन ठिकाणं दोनदोनदा पाहायला सांगेन.

उशीर झाला आणि ऊन चढलं, तर छत्री उघडा. एकाने आकृतीच्या एका भागावर छत्रीची दाट सावली धरायची, दुसऱ्याने टॉर्च जमिनीपासून वीतभर उंचीवर, बाहेरच्या बाजूने आडवा मारायचा. खाचेत सावली परत येते. अख्खा हत्ती असा पाहता येत नाही, पण माशाएवढी आकृती नीट दिसते.

*इशारा: या गोष्टी कोणीही, कितीही सांगितल्या तरी करू नका.*

- रेषांत चुना, खडू, रांगोळी भरणं. फोटो छान येतो, पण भुकटी जांभ्याच्या छिद्रांत बसते आणि मूळ कडा कुठली हे पुढे अभ्यासणाऱ्याला कळेनासं होतं. आपण भरतो ती रेषा अनेकदा चुकीचीही असते.
- पाणी ओतून रेषा गडद करणं.
- टोकदार दगडाने किंवा काठीने खाच "साफ" करणं. माती गावकरी किंवा अभ्यासक काढतील.
- आकृतीवर झोपून लांबी मोजणं, उड्या मारणं, मुलांना हत्तीच्या पाठीवर बसवणं.
- सड्यावरचे दगड रचून ठेवणं किंवा "आठवण" म्हणून उचलणं. आसपास पडलेला धारदार गारगोटीचा तुकडा प्राचीन हत्यार असू शकतो, आणि त्याचं मोल तो पडलेल्या जागीच आहे.
- शेकोटी. सुकलेल्या गवताला लागलेला वणवा बागांपर्यंत पोचतो.

गट मोठा असेल तर एका वेळी चौघांनीच आकृतीजवळ जावं. उक्षीला हत्तीभोवती भिंत आहे, ती ओलांडू नये.

टप्पा ८ : फोटो

पाहून झाल्यावर फोटो. आधी फोटो सुरू केलेत तर ऊन चढेपर्यंत पाहणं राहून जातं. मोबाइलवर कातळावर बोट धरून प्रकाश स्थिर करा आणि थोडा कमी करा, म्हणजे सावल्या गडद येतात. फ्लॅश बंद. आकाराचा अंदाज यावा म्हणून आकृतीच्या बाहेर, शेजारी पाण्याची बाटली उभी करा, आकृतीवर नाही. पूर्ण चित्र एका फोटोत मावत नसेल तर क्रमाने तुकडे घ्या आणि वहीत पहिला तुकडा कुठल्या टोकाचा ते लिहा.

ड्रोन घरी ठेवा. रत्नागिरीत तटरक्षक दलाची धावपट्टी आहे, हवाई निर्बंध आहेत, आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवलात तर भुर्दंड तुमच्यावर बसेलच, शिवाय गावातल्या ज्या माणसाने तुम्हाला नेलं त्यालाही जाब द्यावा लागेल.

समाजमाध्यमांवर टाकताना उक्षी, कशेळी अशा माहीत असलेल्या ठिकाणांची नावं लिहायला हरकत नाही. पण सोबतच्या गावकऱ्याने एखादी नवी, कुंपण नसलेली आकृती विश्वासाने दाखवली असेल तर तिचा नेमका ठावठिकाणा टाकू नका, आणि फोटोतली स्थाननोंद टाकण्याआधी काढून टाका.

टप्पा ९ : परतीचा रस्ता

राजापूरहून आलेल्याच रस्त्याने परतण्यापेक्षा ओणी, पाचल मार्गे अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरकडे जाता येतं. रत्नागिरीहून परतणार असाल तर साखरप्यावरून आंबा घाट. दोन्ही घाट दिवसाउजेडी चढा, धुकं असेल तर थांबा. पुढे कराड, सातारा, पुणे, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. राजापूर ते नाशिक एका दमात करायचं अंतर नाही, म्हणून चौथ्या दिवसाचा मुक्काम कराड किंवा साताऱ्याला धरा.

घाट चढण्याआधी सोबत आलेल्या गावकऱ्यांना फोन करून सड्यावर काही वेगळं दिसलं असेल ते सांगा: नव्याने कोणी चुना भरलेला, गाडीच्या चाकांचे माग, आकृतीजवळ सुरू झालेली खोदाई. त्या सड्यावर रोज कोणी फिरकत नाही, आणि ही बातमी गावापर्यंत सर्वांत आधी तुमच्याकडूनच पोचू शकते.